एक आच, तीन डबे

वर्गात मी एकदा प्रश्न विचारला, "डाळ, तांदूळ आणि बटाटे असे तीन डबे एकाच पात्रात एकावर एक ठेवून वाफेवर शिजवायचे आहेत. डाळीला वेळ जास्त लागतो. मग तिन्ही पदार्थ एकाच वेळी तयार व्हावेत म्हणून काय कराल?" एक विद्यार्थी लगेच म्हणाला, "सर, डाळीचा डबा तळाशी ठेवायचा. तेथे आच जास्त लागते." सर्व वर्गाला हे उत्तर पटले. तुम्हांलाही पटले ना? मग थोडे थांबा.

असा स्वयंपाक करणारे एक साधन बंगालमध्ये फार लोकप्रिय झाले होते. त्याचे नाव 'इकमिक कुकर'. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी ते १९१० साली तयार केले. एक उंच नळकांडे, त्यात एकावर एक रचलेले डबे, तळाशी थोडे पाणी आणि खाली कोळशाची लहानशी शेगडी, एवढीच त्याची रचना. कोळसे पेटवून माणसाने आपल्या कामाला लागावे. मंद आचेवर सारे जेवण आपोआप शिजत असे. जवळ बसून राहण्याची गरज नसे.

असे का होते? साध्या वातावरणीय दाबाखाली पाणी सुमारे १००° सेल्सिअसला उकळते. एकदा उकळू लागले, की आच कितीही वाढवा, तापमान वाढत नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. ही वाफ गार डब्याला लागली, की तिचे पुन्हा पाणी होते आणि त्याच ५४० कॅलरी डब्याला मिळतात. जो डबा जास्त गार, त्यावर जास्त वाफेचे पाणी होते. त्यामुळे वरचा काय नि खालचा काय, सर्व डबे थोड्याच वेळात जवळजवळ सारख्या तापमानाला येतात.

आता हिशेब करू. डब्यांत मिळून १ किलोग्रॅम जिन्नस आहे आणि तो पाण्यासारखाच तापतो, असे धरू. तो ३०° पासून १००° पर्यंत तापवण्यास ७०,००० कॅलरी लागतील. ७०,००० ला ५४० ने भागा. उत्तर सुमारे १३० ग्रॅम. म्हणजे जेमतेम एक लहान पेला पाण्याची वाफ एवढे काम करते! त्यानंतर फक्त बाहेर निसटणारी उष्णता भरून काढायची असते. त्याला मंद आच पुरते. मोठ्या आचेने पदार्थ लवकर शिजत नाहीत. वाफ आणि इंधन मात्र वाया जाते.

तापमान सर्वांना सारखेच, तर मग डाळीचे काय? येथे दुसरा नियम उपयोगी पडतो. उष्णता पदार्थाच्या मध्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली, की हा वेळ सुमारे एक-चतुर्थांश होतो. म्हणून बटाटा लवकर हवा असेल तर बारीक चिरावा. सावकाश शिजायला हवा असेल तर अख्खा ठेवावा. डाळ मात्र आधी भिजवावी, म्हणजे दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी मुरण्याचे काम चुलीवर चढण्यापूर्वीच उरकते.

एक इशारा मात्र विसरू नका. काही विजेच्या मंद कुकरमध्ये अन्न ८०° च्या आसपासच राहते. राजम्याच्या दाण्यांत एक विषारी प्रथिन असते व ते एवढ्या तापमानाला पुरते नष्ट होत नाही. म्हणून राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा. मगच मंद कुकरमध्ये घालावा.

करून पाहा : सारख्या आकाराचे दोन बटाटे घ्या. एक अख्खा ठेवा, दुसऱ्याच्या बोटभर जाडीच्या फोडी करा. दोन्ही मोदकपात्रात एकाच चाळणीवर ठेवून, घरातील मोठ्यांच्या मदतीने, १५ मिनिटे वाफवा. विस्तव बंद करून, वाफेपासून हात जपून झाकण काढा आणि दोन्हींच्या मध्यापर्यंत सुई टोचून पाहा. मग माझ्या वर्गातील त्या विद्यार्थ्याला काय उत्तर द्यायचे, ते तुम्हीच ठरवा.