ट्रॅक्टरचा झिजलेला क्लच घरीं कसा बदलावा

मृगाचा पाऊस पडून काळ्या जमिनीस वाफसा आला म्हणजे पेरणीसाठीं हातीं मोजकेच दिवस असतात. परभणी जिल्ह्यांतील भारी जमीन वाळली तर भेगाळते आणि भिजली तर चाक रुतवून घेते. या दोहोंमधील जो अल्प काळ, त्यांतच पेरणी उरकावी लागते. अशा ऐन वेळीं इंजिन ओरडतें, धूर काढतें, परंतु चाक पुढें सरकत नाहीं, असा प्रसंग ज्यांजवर आला आहे त्यांस क्लचचें महत्त्व निराळें सांगावयास नको. त्या आठवड्यांत गांवचा मिस्त्री कामांत बुडालेला असतो आणि शहरांतील दुकानीं ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. म्हणून हें काम वैशाखांतच, आपल्या दारीं, कसें करतां येईल व तें करितांना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

क्लचचें कार्य

औत थांबवावयाचें झाल्यास आपण बैलांस थांबवितों. इंजिन मात्र असें घडोघडीं थांबवितां येत नाहीं. तें चालूच ठेवून चाकांपासून तेवढें सोडवावें लागतें. हें जुंपण्याचें व सोडण्याचें काम क्लच करितो.

इंजिनाच्या मागें फ्लायव्हील हें जड चक्र फिरत असतें. त्याच्या पाठीशीं क्लचप्लेट नांवाची चकती असते व तिच्या दोन्ही अंगांस घर्षण सोसणारें अस्तर रिबिटांनीं बसविलेलें असतें. त्यामागील प्रेशर प्लेट बळकट स्प्रिंगांच्या जोरानें या चकतीस फ्लायव्हीलवर दाबून धरते, आणि इंजिनाची शक्ति गिअरकडे जाते. आपण पेडल दाबलें म्हणजे क्लच बेअरिंग पुढें सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांस रेटतें, स्प्रिंगांचा दाब उठतो आणि चकती सुटी होते. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत अशा दोन चकत्या असतात. त्यांत पेडल अर्धें दाबल्यास चाकें सुटतात, आणि पूर्ण दाबल्यास रोटाव्हेटर अगर मळणीयंत्र फिरविणारा पी. टी. ओ. चा दांडाही थांबतो.

झीज कशानें होते ?

चकती घट्ट धरलेली असतां झिजत नाहीं आणि पूर्ण सुटी असतांही झिजत नाहीं. ती झिजते अर्धवट धरलेली असतां, म्हणजे घसरतांना. आणि घसरण्यानें उत्पन्न होणारी उष्णता अस्तर जाळते, स्प्रिंगांचा जोर कमी करिते व फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग पाडते.

असें घसरणें बहुधा चालकाच्या पायामुळें होतें. पाय टेकावयास दुसरी जागा नसल्याप्रमाणें तो दिवसभर पेडलवर ठेवण्याची संवय पुष्कळांस असते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या गोदाकांठच्या तालुक्यांत उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या ओल्या शेतांतून बाहेर काढतांना वरचा गिअर टाकून क्लचच्या जोरावर ओढ घेतली जाते; चढावर ब्रेक न लावतां क्लचवरच ट्रॅक्टर तोलून धरिला जातो. पायाची ही संवय न सोडतां केवळ चकती बदलणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरणें होय.

खोलण्यापूर्वींची परीक्षा

क्लच घसरूं लागला कीं चकती गेली असें समजणें चुकीचें आहे. प्रथम पेडलची मोकळी चाल पाहावी. पेडल हातानें दाबतांना बेअरिंगला जोर लागेपर्यंत तें जेवढें सैल जातें, ती त्याची मोकळी चाल. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती सुमारें २० ते ३० मिलिमीटर असते. निश्चित आंकडा ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावा. अस्तर झिजत जातें तसतशी ही चाल कमी होते. ती अजिबात न उरल्यास बेअरिंग सदैव बोटांवर टेकून राहतें व चांगली चकतीही घसरूं लागते. अशा वेळीं दांडीवरील नट फिरवून चाल पूर्ववत् केली कीं काम भागतें. त्यास दोन पाने व अर्धा तास पुरतो.

चाल योग्य असूनही शंका राहिली तर सपाट व मोकळ्या जागीं, पुढें कोणी उभें नाहीं अशी खात्री करून, ब्रेक पक्का लावावा, वरचा गिअर टाकावा आणि पेडल सावकाश सोडावें. क्लच धड असल्यास इंजिन बंद पडतें. तें चालतच राहिलें तर क्लच घसरतो हें निश्चित. ही परीक्षा एकदांच करावी, कारण तिनेंही अस्तर तापतें. पेडल दाबतांच खरखर आवाज येत असल्यास बेअरिंगचा संशय घ्यावा. गिअर टाकतांना दांत घासत असल्यास क्लच पूर्ण सुटत नाहीं असें समजावें. चाल फाजील वाढल्यानेंही तसें होतें.

जागा व आधार

क्लचपर्यंत पोहोंचण्यास ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत विलग करावा लागतो. ४०-४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचें वजन साधारणतः १८ ते २० क्विंटल असतें. त्यामुळें या कामांत खरें भय यंत्र बिघडण्याचें नसून माणूस चिरडण्याचें आहे, हें आम्ही स्पष्ट सांगून ठेवितों.

काम सिमेंटच्या सपाट ओट्यावरच करावें. काळ्या मातीवर घोडी टेकविल्यास ती भाराखालीं नकळत खचते. मागील चाकांस पुढूनमागून अडण्या लावाव्या. पुढचा आंस मध्यभागीं एकाच खिळीवर झुलता बसविलेला असतो. ट्रॅक्टर विलग होतांच इंजिन त्या खिळीवर एका कुशीस कलंडूं शकतें. म्हणून आंस व वरचा सांगाडा यांमध्यें दोन्ही बाजूंस लांकडी पाचरी घट्ट ठोकाव्या. मागील भागास लोखंडी घोडी द्यावी व इंजिनाखालीं चाकांचा जॅक घ्यावा. विटांचा ढीग, मोकळा दगड किंवा केवळ साधा जॅक यांवर भार ठेवूं नये. तीन जाणतीं माणसें असावीं. मुलांस जवळ येऊं देऊं नये. एवढी सामग्री नसेल तर हा भाग मिस्त्रीकडूनच करवावा. त्यांत कमीपणा नाहीं.

विलग करणें

प्रथम बॅटरीची तार सोडावी. नंतर बॉनेट, पायफळ्या, स्टिअरिंगचा दांडा, विजेच्या तारा, हायड्रॉलिकच्या नळ्या व ॲक्सिलरेटरची दांडी हीं क्रमानें सोडवावीं. प्रत्येक जोडास खुणेची चिंधी बांधावी व नट-बोल्ट ज्या भागाचे त्याच डब्यांत ठेवावे. मग इंजिन व मागील घर यांस जोडणारे बोल्ट काढून पुढचा भाग सावकाश, सरळ रेषेंत, दीड-दोन फूट पुढें न्यावा. सांध्यांत बोट घालूं नये.

उघडल्यावर आंत काळी भुकटी दिसते. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें व तें फुप्फुसांस घातक आहे. म्हणून ती भुकटी हवेनें अगर तोंडानें न फुंकतां ओल्या फडक्यानें पुसावी व नाकातोंडास मुखपट्टी बांधावी.

प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीनें थोडेथोडे सैल करावे. चकती काढण्यापूर्वीं तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे होती तें खडूनें लिहून ठेवावें. प्रेशर प्लेट मात्र घरीं उघडूं नये. तिच्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात व सुटल्यास जीवघेणा आघात करितात. शिवाय तिचीं सर्व बोटें एका पातळींत आणण्यास माप लागतें. दुहेरी क्लचमध्यें तर तें अवश्य आहे.

काय तपासावें ?

अस्तर रिबिटांच्या डोक्यांपर्यंत आलें असल्यास, जळालें असल्यास अगर तेलानें माखलें असल्यास चकती बदलावी. तेलकट अस्तर धुऊन पुन्हां वापरूं नये. तेल कोठून आलें हें शोधावें: इंजिनाच्या मागील ऑईल सीलमधून, कीं गिअरच्या बाजूच्या सीलमधून. गळका सील तसाच ठेवल्यास नवी चकतीही वायां जाते. फ्लायव्हीलवर बारीक चीर किंवा खोल चर असल्यास तें लेथवर दाखवावें. मध्यभागींचें लहान पायलट बेअरिंग बोटानें फिरवून पाहावें.

येथें आमच्याच हातून घडलेली चूक नमूद करणें उचित होईल. एके वर्षीं आम्ही चकती नवी घातली. परंतु जुनें क्लच बेअरिंग फिरवितांना बरें वाटलें म्हणून काटकसरीनें तेंच ठेविलें. ऐन पेरणींत तें ओरडूं लागलें आणि दुसऱ्यांदा सगळा ट्रॅक्टर खोलावा लागला. बेअरिंगची किंमत थोडी होती. वाफसा मात्र आमच्यासाठीं थांबला नाहीं. तेव्हांपासून ट्रॅक्टर उघडला कीं बेअरिंग बदलावयाचेंच, असा नियम आम्हीं केला आहे.

जोडणी

फ्लायव्हीलचें तोंड कोरडें व स्वच्छ करावें. चकती बरोबर मध्यावर बसणें हें जोडणीचें मर्म होय. त्यासाठीं जुना गिअरदांडा किंवा त्याच मापाचा लांकडी दांडा चकतींतून पायलट बेअरिंगपर्यंत घालावा, व तो तसाच ठेवून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे याप्रमाणें हळूहळू आवळावे. गिअरदांड्याच्या खांचांस ग्रीसचा हात नुसता लावावा. अधिक ग्रीस उष्णतेनें वितळून अस्तरावर उडतें.

पुढचा भाग मागें आणतांना दोन्ही तोंडें एका पातळींत असावीं. खांचा जुळत नसतील तर एकानें फ्लायव्हील हातानें किंचित् फिरवावें. बोटभर फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ती मिटविण्याचा मोह कधींही होऊं देऊं नये. त्यानें चकतीचा मध्य वांकतो अगर घर तडकतें. मागें घ्यावें, पाहावें, पुन्हां आणावें. शेवटीं मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणें लावावी, पहिले कांहीं दिवस हलकें काम द्यावें व त्यानंतर चाल पुन्हां मोजावी.

दारीं जीप वा मोटार असणाऱ्यांसही क्लचचें तत्त्व हेंच लागू पडतें. तेथें गिअरपेटी खालून उतरवावी लागते, म्हणून गाडी पक्क्या घोड्यांवर असल्याखेरीज तिच्याखालीं शिरूं नये.

१८ मे १९७२ रोजीं स्थापन झालेल्या येथील कृषि विद्यापीठाच्या वर्धापनदिनीं परभणीस खरीप मेळावा भरत असतो. बी-बियाण्यांची चौकशी करण्यास तेथें जाण्यापूर्वीं ट्रॅक्टरच्या पेडलची चाल एकदां मोजावी, असें आमचें शेतकरी बंधूंस सांगणें आहे. आणि चालकाच्या डाव्या पायास, पेडल दाबण्याचें काम नसतां, पायफळीवर राहण्याची संवय लावावी. तीस पैसा लागत नाहीं, आणि क्लचचें आयुष्य तिच्याइतकें दुसरें कांहीं वाढवीत नाहीं.