डासजन्य रोगांचे नियंत्रण : सहभाग आणि नवे उपाय

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त शोषलेल्या डासाच्या जठरात या रोगाचा परजीवी आढळला. या शोधाच्या स्मरणार्थ २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. रोगाचे कारण कळून सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, हत्तीरोग व जपानी मेंदूज्वर हे डासांवाटे पसरणारे आजार नाहीसे झालेले नाहीत.

याचे कारण ज्ञानाच्या अभावात नसून रोगाच्या स्वरूपात आहे. डासाची पैदास होते ती कोणाच्या तरी रांजणात, गच्चीवरील टाकीत किंवा बांधकामाच्या खड्ड्यात. त्याच्या दंशाने आजारी पडणारा माणूस बहुधा वेगळ्याच घरातला असतो. औषधोपचार रुग्णालयात होतो, फवारणी नगरपालिका करते आणि नवी साधने प्रयोगशाळेत तयार होतात. रोगाची संपूर्ण साखळी कोणा एकाच्या हाती नसल्यामुळे ती तोडण्याचे कामही एकट्याला साधत नाही. नवे साधन आणि वाटून घेतलेली जबाबदारी या दोहोंची सांगड जेथे घातली गेली, तेथेच टिकाऊ यश मिळाले, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

मुंबईतील विहिरी

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील हिवतापाची चौकशी डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे सोपविण्यात आली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने शहरातील विहिरी व पाण्याच्या टाक्या यांकडे बोट दाखविले. ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास अशाच साठविलेल्या पाण्यात वाढतो. विहिरी बुजविणे अथवा बंदिस्त करणे हा उपाय शास्त्रदृष्ट्या सरळ होता; परंतु हिंदू व पारशी कुटुंबांच्या दृष्टीने विहीर पवित्र होती आणि धार्मिक विधींसाठी तिचे पाणी आवश्यक होते. साहजिकच विरोध झाला. त्यातून पुढे आलेली तडजोड बोधप्रद आहे : विहिरीवर आच्छादन घालावे आणि पाणी काढण्यासाठी त्यात बारीक जाळीचे झाकण ठेवावे. डासाची वाट बंद झाली आणि श्रद्धेची वाट मोकळी राहिली. लोकांची अडचण समजून घेतल्याने उपायच अधिक ग्राह्य झाला.

यशातला धोका

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व सुमारे आठ लाख मृत्यू होत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीच्या फवारणीने आश्चर्यकारक परिणाम दाखविला. १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे ध्येय ठरले. १९६५ साली रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. येथेच घसरण सुरू झाली. डासांमध्ये कीटकनाशकास प्रतिकारशक्ती निर्माण झाली, कीटकनाशकांचा पुरवठा अपुरा पडला, शहरांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही आणि निर्मूलनाच्या पथकांनी केलेले काम पुढे चालविण्याइतकी ग्रामीण आरोग्यव्यवस्था भक्कम नव्हती. १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांवर पोहोचली. साधन प्रभावी होते. मात्र ते बोथट झाल्यावर भार उचलणारी दुसरी व्यवस्था उभी नव्हती.

श्रीलंकेचा धडा

शेजारच्या श्रीलंकेने हाच अनुभव घेतला. १९६३ साली त्या देशात हिवतापाचे अवघे १७ रुग्ण नोंदले गेले. फवारणी थांबली, देखरेख सैल झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस लक्षावधी लोक पुन्हा आजारी पडले. १९९९ सालीही रुग्णांची संख्या अडीच लाखांहून अधिक होती.

त्यानंतर मात्र पद्धत बदलली. घरांतील फवारणीबरोबर कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या वाटण्यात आल्या. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता फिरती पथके वस्त्यांवर जाऊन रक्ततपासणी करू लागली. २००९ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धाने उत्तर व पूर्व भागात शासकीय यंत्रणेचे काम अवघड केले होते. जागतिक निधीच्या साहाय्याने चाललेल्या या कामात शासनाच्या हिवतापविरोधी मोहिमेबरोबर सर्वोदय श्रमदान चळवळीसारख्या स्वयंसेवी संस्थांनी वाटा उचलला. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्थानिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नार येथे ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास श्रीलंकेत प्रथमच सापडला. कीटकतज्ज्ञांची पथके यशानंतरही शोध घेत राहिली होती, म्हणूनच तो वेळीच नजरेस पडला. १९६३ नंतर जे राहून गेले, ते या वेळी घडले.

योग्यकर्ता येथील प्रयोग

डेंग्यूचा वाहक एडिस इजिप्ती हा घराच्या आसऱ्याने राहणारा व प्रामुख्याने दिवसा चावणारा डास आहे. धुरळणीने उडणारे डास काही काळ कमी होतात. पाण्यातील अळ्या मात्र तशाच राहतात. यावर एक वेगळा मार्ग पुढे आला. वोल्बाकिया हे जिवाणू अनेक कीटकांच्या पेशींत निसर्गतः आढळतात. ते एडिस इजिप्तीच्या शरीरात रुजविले, तर डेंग्यूच्या विषाणूची वाढ खुंटते. हे जिवाणू मादीकडून अंड्यांवाटे पुढील पिढीत जातात. शिवाय असे जिवाणू असलेला नर आणि ते नसलेली मादी यांच्या संयोगातून झालेली अंडी उबत नाहीत. त्यामुळे अशा डासांचे प्रमाण हळूहळू आपोआप वाढत जाते.

इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात या उपायाची शिस्तबद्ध चाचणी झाली. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाचा जागतिक डास कार्यक्रम, स्थानिक गाजा मादा विद्यापीठ आणि आर्थिक पाठबळ देणारी ताहिजा फाउंडेशन ही कौटुंबिक धर्मादाय संस्था असे तीन प्रमुख भागीदार होते. चौथा भागीदार म्हणजे सामान्य रहिवासी. डास नष्ट करा असे ज्यांना वर्षानुवर्षे सांगितले, त्यांनाच आता डासांच्या अंड्यांची बादली अंगणात ठेवून घेण्याची विनंती करायची होती! म्हणून २०१४ साली आधी लगतच्या जिल्ह्यातील मोजक्या वस्त्यांत, लोकांची संमती घेऊन, लहान प्रमाणावर काम झाले. पुढे शहराचे २४ विभाग पाडून त्यांपैकी १२ विभागांत हे डास सोडण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या विभागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी आढळले. भारतातही पुदुच्चेरी येथील वाहकजन्य रोग संशोधन केंद्राने मोनाश विद्यापीठाच्या सहकार्याने वोल्बाकियायुक्त एडिस डासांच्या वसाहती विकसित केल्याचे २०२२ साली जाहीर केले.

हा उपाय एडिस डासापुरता आहे. हिवतापाचा वाहक वेगळा असल्याने तेथे त्याचा उपयोग नाही. पाणीसाठ्यांच्या स्वच्छतेलाही तो पर्याय ठरत नाही.

रुग्णालयाचा आणि घराचा वाटा

या उदाहरणांच्या प्रकाशात धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य स्पष्ट होते. रुग्ण बरा करणे हा त्याचा एक भाग झाला. तापाच्या रुग्णाची रक्ततपासणी विनाविलंब करणे, निदान झालेला प्रत्येक रुग्ण आरोग्य विभागास कळविणे आणि उपचार पूर्ण करून घेणे हा दुसरा भाग. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात परजीवी यकृतात दडून राहतात. ताप उतरला तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. गोळ्या मध्येच सोडणाऱ्या रुग्णाला आजार पुन्हा होऊ शकतो, आणि त्याच्यापासून शेजाऱ्यालाही. गर्भवती स्त्रिया व एक वर्षाखालील बालके यांना मात्र हे औषध देत नाहीत. डेंग्यूची शंका असल्यास ॲस्पिरीन वा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. रुग्णालयाच्या आवारातील टाक्या व कुंड्या निर्दोष ठेवणे, तसेच दाखल रुग्णांना मच्छरदाणी पुरविणे, ही जबाबदारीही त्यातच येते.

कुटुंबाचा वाटा लहान वाटला तरी निर्णायक आहे. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, म्हणजेच पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करावीत. घासणे महत्त्वाचे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या स्थितीतही कित्येक महिने टिकतात. रिकामी करता न येणारी टाकी घट्ट झाकावी. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. सर्वेक्षणासाठी दारी आलेल्या आशा ताईंना अथवा आरोग्य कर्मचाऱ्यांना पाणीसाठे पाहू द्यावेत.

रुग्णांचे आकडे उतरतात तेव्हा उत्साह ओसरतो, निधी अन्यत्र वळतो आणि कोरडा दिवस विस्मरणात जातो. १९६५ नंतरचा आपला इतिहास हेच सांगतो. म्हणून ज्या वर्षी प्रभागात रुग्ण कमी होतील, त्या वर्षी तपासणी, नोंद व स्वच्छता यांत खंड पडू न देणे हीच सर्व भागीदारांची खरी कसोटी आहे. आपले रुग्णालय, त्याचे देणगीदार आणि परिसरातील नागरिक या कसोटीस उतरतील, असा विश्वास वाटतो.