ग्रंथकाराच्या खांद्यावरील पिशवी

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं फाटकापाशीं निंबाच्या सावलींत एक वयस्क गृहस्थ पिशवी घेऊन बसले होते. पिशवींत त्यांनीं स्वतः रचलेल्या व स्वतःच्या खर्चानें छापलेल्या एका लहानशा काव्यसंग्रहाच्या प्रती होत्या. आल्यागेल्यास नमस्कार करून ते पुस्तक पुढें करीत आणि "पाहून तर घ्या" एवढेंच म्हणत. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सात प्रती खपल्या. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं त्यांची नक्कल करून मित्रांना हंसविलें. आणि एका सुशिक्षित पालकांनीं आम्हांस बाजूला घेऊन म्हटलें कीं, सरस्वतीच्या उपासकानें असें फेरीवाल्यासारखें दाराशीं बसावें हें कांहीं बरें दिसत नाहीं. त्या वेळीं आमच्या तोंडून उत्तर निघालें नाहीं. तें राहून गेल्याची रुखरुख मनाला लागली, म्हणून हा लेख.

प्रथम व्यवहार पाहूं. ग्रंथ लिहून झाला म्हणजे ग्रंथकाराचें काम संपलें, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु लिहिलेला ग्रंथ वाचकाच्या हातीं पडेपर्यंत कागद, जुळणी, छपाई, बांधणी, टपाल आणि पुस्तकविक्रेत्याचें कमिशन इतके खर्च मध्यें उभे असतात. प्रकाशक मिळाला तर हें ओझें तो उचलतो. तो न मिळाला तर ग्रंथकार पत्नीच्या बांगड्यांकडे पाहतो किंवा कोणाकडून कर्ज काढतो, आणि प्रती घरीं येऊन बाजेखालीं रचल्या जातात. पुढें वाचक आधीं पोंचतो कीं वाळवी आधीं पोंचते, एवढाच प्रश्न उरतो. जुन्या काळचे मराठी ग्रंथकार यावर एक तोड काढीत : छापण्यापूर्वींच वर्गणीदार मिळवावयाचे, आणि त्या आश्रयदात्यांचीं नांवें ग्रंथांतच छापावयाचीं. हल्लीं मागणीइतक्याच प्रती छापून घेण्याची सोय झाली आहे, त्यामुळें बाजेखालचे गठ्ठे कांहींसे कमी झाले असतील. तरी वाचकाला हांक मारण्याचें काम कोणत्याही यंत्रानें ग्रंथकाराच्या माथ्यावरून उतरविलेलें नाहीं.

आतां ज्या पालकांना हें काम हलकें वाटलें, त्यांच्यापुढें आम्ही पंडिता रमाबाईंचें उदाहरण ठेवतों. फेब्रुवारी १८८२ मध्यें रमाबाईंचे पति बिपिन बिहारी मेधावी वारले. त्या वेळीं त्यांची कन्या मनोरमा एक वर्षाचीही झालेली नव्हती. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या, तेथें आर्य महिला समाज स्थापिला आणि 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. इंग्लंडांत जाऊन पुढील शिक्षण घ्यावें अशी त्यांची इच्छा होती, पण प्रवासखर्च कोठून आणावयाचा? तो या पुस्तकाच्या विक्रींतून निघाला. १८८३ सालीं एक तरुण विधवा लहान मुलीला कडेवर घेऊन, स्वतःच्या लेखणीनें मिळविलेल्या पैशांच्या तिकिटावर आगबोटींत चढली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावी.

परंतु खरा पराक्रम पुढेंच आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान-समारंभासाठीं रमाबाई १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फियास गेल्या. थोड्या दिवसांसाठीं गेलेल्या त्या बाई जवळजवळ तीन वर्षें तिकडेच राहिल्या. हिंदुस्थानांतील विधवांसाठीं शाळा काढावयाची हें मनांत ठरलेलें होतें, आणि त्यासाठीं परक्या देशांतील लोकांना आपल्या बहिणींची स्थिति आधीं समजावून देणें भाग होतें. म्हणून त्यांनीं इंग्रजींत 'दि हाय-कास्ट हिंदु वुमन' हें पुस्तक लिहिलें. तेथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडले यांनीं त्यास प्रस्तावना जोडली, आणि १८८७ त तें फिलाडेल्फियांत छापून निघालें. मग रमाबाईंनीं संयुक्त संस्थानांच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत गांवोगांव व्याख्यानें दिलीं. व्याख्यान ऐकलेला मनुष्य पुस्तक मागे, आणि पुस्तक वाचलेला मनुष्य आपल्या गांवीं व्याख्यान मागे; दोहोंनीं एकमेकांस हात दिला. पुस्तकाच्या हजारों प्रती खपल्या. त्याच्या शेवटीं नुसता निष्कर्ष नसून मदतीची सरळ मागणी होती, हेंही लक्षांत घ्यावें. १८८७ च्या डिसेंबरांत बॉस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षें शाळेस साहाय्य करण्याचें तिनें पत्करलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदनाचें दार उघडलें. एका ग्रंथाच्या पाठीशीं त्याची लेखिका स्वतः उभी राहिली, तर त्या ग्रंथाचें घर कसें होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. पुढें केडगांवच्या मुक्ति सदनांत रमाबाईंनीं छापखानाच घातला, आणि त्यांनीं केलेल्या बायबलाच्या मराठी भाषांतराचे खिळे तेथील मुलीबायांनींच जुळविले.

आतां ज्याला छापखानाच मिळत नाहीं त्यानें काय करावें? जोतीराव फुले यांनीं, ज्यांचें इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें, १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांतील आरंभींचीं प्रकरणें तेवढीं वर्तमानपत्रांत आलीं. सबंध ग्रंथ त्यांच्या हयातींत छापून निघालाच नाहीं. जोतीराव त्यासाठीं थांबले नाहींत. मुंबई, पुणें, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणीं त्यांनीं तो लोकांना स्वतः वाचून दाखविला, आणि बडोद्यास सयाजीराव महाराजांनींही तो लक्षपूर्वक ऐकला. ज्या शेतकऱ्यासाठीं ग्रंथ लिहिला त्याला वाचतां येत नव्हतें. तेव्हां अशा ग्रंथाची खरी प्रसिद्धि चावडीवर व्हावयाची कीं दुकानाच्या फळीवर, हें आमच्या वाचकांनींच ठरवावें. पुढें १९२३ त पुण्यास रविकिरण मंडळ निघालें. त्यांतील यशवंत, गिरीश प्रभृति कवींनीं आपल्या कविता सभांतून गाऊन दाखविल्या. त्यांचीही वाट एका अर्थीं हीच होती.

मात्र पिशवी घेऊन हिंडण्याची सर्वांत मोठी कथा डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी घेऊन आलेला हा विद्वान कोठेंही सुखाची अध्यापकी करूं शकला असता. त्यानें मराठींत ज्ञानकोश करावयाचें ठरविलें. एवढ्या कामास पुरेल असा प्रकाशक महाराष्ट्रांत नव्हता, म्हणून नागपुरास ज्ञानकोशमंडळ नांवाची मर्यादित कंपनी काढली, लोकांना तिचे भाग विकले, आणि ग्रंथ तयार होण्याच्या कितीतरी आधीं त्याचे वर्गणीदार जमविण्यासाठीं केतकर व त्यांचे सहकारी गांवोगांव फिरले. जो ग्रंथ अद्याप लिहिलाच गेलेला नाहीं त्याचे पैसे मागावयाचे! वकिलाच्या, मामलेदाराच्या, सावकाराच्या ओसरीवर जाऊन हें काम करण्यास विद्वत्तेइतकीच जाड कातडीही लागते. पुढें कचेरी पुण्यास आली. १९२० सालीं 'हिंदुस्थान आणि जग' हा पहिला भाग निघाला, आणि १९३० उजाडण्यापूर्वीं तेवीस भागांचें काम पुरें झालें. या उद्योगाची हकीकत केतकरांनीं १९२७ त 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकांत सांगितली आहे. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं ती अवश्य वाचावी. व्यवहार आणि ध्येय यांची अशी रोखठोक गांठ मराठींत क्वचितच कोणी घातली असेल.

येथें कोणी म्हणेल, मग आपल्या ग्रंथाचा डांगोरा पिटण्यास मर्यादाच नाहीं काय? आहे. अमेरिकन कवि वॉल्ट व्हिटमन यानें १८५५ सालीं 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' हा आपला काव्यसंग्रह स्वतःच्या खर्चानें काढला आणि मग निनांवी राहून आपल्याच ग्रंथाचीं स्तुतिपर परीक्षणें वर्तमानपत्रांत लिहिलीं. इमर्सनसारख्या थोर पुरुषानें त्यास खाजगी पत्रांतून शाबासकी दिली होती; तीही त्यानें परवानगी न घेतां छापली, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्या पत्रांतील वाक्य सोनेरी अक्षरांत चढविलें. व्हिटमन मोठा कवि होता यांत शंका नाहीं, परंतु हें वागणें आम्हांस मोठें वाटत नाहीं. रमाबाईंनीं व जोतीरावांनीं आपल्या नांवानें, आपल्या तोंडानें, समोर उभें राहून ग्रंथ पुढें केला. निनांवी स्तुतींत वाचकाची फसवणूक आहे. फाटकापाशीं उघड बसण्यांत ती नाहीं. आणि ज्या पुस्तकांत कांहींच नाहीं तें कितीही ओरडून विकलें तरी एकदांच विकलें जातें, हें पुस्तकविक्रेता कोणाही ग्रंथकाराहून चांगलें जाणतो.

आमच्या नाशिककरांना दूर जावयाचें कारण नाहीं. जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक कधीं शाळेंत गेल्या नाहींत. पति नारायण वामन टिळक यांनीं त्यांना अक्षरें शिकविलीं. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून चार भागांत निघालीं, आणि लक्ष्मीबाई १९३६ त येथेंच वारल्या. या लेखनामागें त्यांचे पुत्र देवदत्त यांची धडपड होती. कांहीं ग्रंथांची पिशवी अशी घरचें माणूस उचलतें. १९५० त त्यांचा संक्षिप्त इंग्रजी अनुवादही निघाला. दुसरें उदाहरण कुसुमाग्रजांचें. त्यांचा 'विशाखा' हा संग्रह १९४२ सालीं वि. स. खांडेकर यांनीं स्वतःचे पैसे घालून प्रसिद्ध केला. एका प्रस्थापित लेखकानें तरुण कवीचें ओझें आपल्या खांद्यावर घेतलें, आणि त्याच कवीस पुढें १९८७ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें. खांडेकर प्रत्येकाच्या वांट्यास येत नाहींत. ज्याच्या वांट्यास ते येत नाहींत त्यानें फाटकापाशीं बसावें, यांत हंसण्यासारखें काय आहे?

त्या दिवशींच्या सात प्रतींपैकीं एक आम्हीं घेतली होती. खरें सांगावयाचें तर त्यांतील बऱ्याच कविता सामान्य आहेत. तीन मात्र चांगल्या आहेत, आणि विहिरीवरच्या मोटेसंबंधीं जी आहे ती आम्हीं सहाव्या इयत्तेस वर्गांत वाचून दाखविली, तेव्हां मुलांनीं ती पुन्हां वाचावयास लाविली. यंदां त्या गृहस्थांना आम्हीं आधींच पत्र घातलें. त्यांनीं उलट टपालीं कळविलें कीं, गुडघे दुखत असल्यामुळें फाटकापाशीं जमिनीवर बसणें आतां होणार नाहीं, पण येण्याची इच्छा आहे. संमेलनाच्या दिवशीं दुपारीं तीनपासून सभागृहाच्या दाराशीं त्यांच्यासाठीं एक टेबल व खुर्ची मांडलेली असेल. गेल्या वर्षीं ज्यांनीं त्यांची नक्कल केली होती त्या मुलांनीं टेबल उचलून आणण्याचें काम आपण होऊन मागून घेतलें आहे.