हेमकुंडला निघण्याआधी रक्त तपासा

शाळांना सुट्ट्या लागल्या की भिलाईतली कितीतरी कुटुंबं हिमालयाची वाट धरतात. कुणी केदार-बद्रीला जाऊन पुढे हेमकुंडच्या गुरुद्वाऱ्याकडे वळतं, कुणी पावसाळ्यात फुलांची दरी पाहायला निघतं. निघण्याआधी बरोबर न्यायच्या औषधांची यादी मागायला लोक दवाखान्यात येतात. यादी मी देतोच, पण त्याआधी विचारतो, ‘घरात सगळ्यांचं सिकलिंग तपासून झालंय का?’ डोंगराचा आणि सिकलिंगचा, म्हणजे सिकलसेलच्या रक्ततपासणीचा, काय संबंध, असा भाव समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतो. आजचा लेख त्याच संबंधावर आहे.

आधी जागेबद्दल थोडं. हेमकुंड आणि फुलांची दरी हा सगळा मुलूख हिमनद्यांनी कोरलेला आहे. नदी दरी खणते ती अरुंद आणि खोल. हिमनदी मात्र डोंगर खरवडत पुढे सरकते, त्यामुळे तिची दरी तळाशी रुंद आणि सपाट होते आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती राहतात. बर्फानं डोंगराच्या कुशीत एखादा वाडगा कोरला आणि त्यात पाणी साठलं की हेमकुंडासारखं तळं तयार होतं. चालणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की एका वाटेवर मुलं बागडत जातील अशी सौम्य चढण मिळते आणि शेजारच्याच वाटेवर छातीवर येणारा चढ. दोन्ही वाटा घांघरियाहून फुटतात. घांघरिया ३,०५० मीटरवर आहे. फुलांची दरी तिथून तीन-चार किलोमीटरवर सुरू होते आणि साडेतीन हजार मीटरच्या आसपास राहते. हेमकुंड सहा किलोमीटरवर, पण ४,३२९ मीटर उंच. म्हणजे सहा किलोमीटरांत जवळजवळ १,३०० मीटरची चढाई.

आपलं भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे. घांघरियाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो आणि हेमकुंडला सुमारे ६० टक्के. प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. धडधाकट माणसाचं शरीर याच्याशी जुळवून घेतं, फक्त त्याला काही दिवसांची सवड लागते. सिकलसेल असलेल्याची गोष्ट वेगळी आहे.

सिकलसेलमध्ये रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडला की आपापसांत जुळून लांब धाग्यांसारखं होतं. मग एरवी गोल आणि लवचीक असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि दमवणारे श्रम यांनी हा त्रास वाढतो. डोंगरावर ही सगळी कारणं एकाच वेळी हजर असतात. ज्याला आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून हा दोष आला आहे, त्या रुग्णाला मी हेमकुंडला जाऊ नका असंच सांगतो. घांघरियाला जायचं की नाही, हेही त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

पण मला जास्त काळजी वाहकांची वाटते. दोष एकाच पालकाकडून आलेला वाहक एरवी ठणठणीत असतो. तो खेळतो, कारखान्यात शिफ्ट करतो, त्याचं हिमोग्लोबिनही बरं असतं, त्यामुळे आपण वाहक आहोत हे त्याला कळतच नाही. अशा माणसाची पानथरी उंचीवर दगा देऊ शकते. पानथरीत रक्त संथ वाहतं आणि तिथं प्राणवायू आधीच कमी असतो, म्हणून पेशी वाकायला सुरुवात तिथं होते आणि पानथरीच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बरगडीखाली कळ येते, ती खांद्यापर्यंत जाते, मळमळतं, ताप येतो. बरोबरची माणसं म्हणतात, लंगरची खिचडी बाधली, थोडं पड. तिथं पडून राहणं हाच मोठा धोका असतो. डाव्या बरगडीखाली दुखलं की लगेच खाली उतरायला लागायचं, प्राणवायू मिळत असेल तर घ्यायचा, घोट घोट पाणी प्यायचं आणि इस्पितळात पोचल्यावर ‘हा सिकलसेलचा वाहक आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. तिथल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार पटकन येईलच असं नाही, कारण गढवालमध्ये तो आपल्याइतका नाही.

आपल्याकडे तो भरपूर आहे. भिलाईतल्या मराठी घरांपैकी बऱ्याच जणांची मुळं विदर्भात आहेत. मध्य भारतात सिकलसेल असल्याचं नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच दाखवून दिलं होतं. विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये तो आदिवासींपुरता मर्यादित नाही, तेली, कुणबी, कुर्मी, बौद्ध अशा अनेक समाजांत आढळतो. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, त्यात छत्तीसगड आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. तरीही पुष्कळ घरांत मुलीचं लग्न जमेपर्यंत कुणी तपासणी करत नाही, आणि त्या वेळी भीतीपोटी अहवाल लपवला जातो. वाहक असणं हा आजार नाही, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, हे मी प्रत्येक घराला सांगतो.

तपासणी अगदी साधी आहे. पहिल्या चाचणीत रक्ताचे थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळी काळ्या रेघा ओढलेल्या कागदासमोर धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर दोष नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. वाहक की रुग्ण, हे मात्र या चाचणीवरून कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते, ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ किंवा ‘एचपीएलसी’. ती टाळू नका, कारण दोघांना द्यायचा सल्ला पूर्ण वेगळा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात पहिली चाचणी भरवशाची नसते.

वाहक निघालात तर डोंगर सोडून द्या असं मी म्हणणार नाही. बहुतेक वाहक काही त्रास न होता वर जाऊन येतात. फुलांच्या दरीत त्यांनी जरूर जावं. हेमकुंडला जायचं तर सावकाश, कुणाशी चढाओढ न लावता, पाणी पीत आणि ऊब राखत जावं. ताप किंवा जुलाब झाले असतील तर त्या वर्षी हेमकुंड सोडून द्यावं.

आता सगळ्यांसाठी. उंचीच्या त्रासाचा हिशेब दिवसा कुठं चढलात यापेक्षा रात्री कुठं झोपलात यावर जास्त अवलंबून असतो. अडीच हजार मीटरच्या वर त्रास सुरू होऊ शकतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. हेमकुंडला तळ्याकाठी रात्र काढू देत नाहीत आणि दुपारीच खाली पाठवतात, ही यात्रेकरूंच्या दृष्टीनं फार चांगली गोष्ट आहे. ऋषिकेशहून जोशीमठ गाठायला पूर्ण दिवस लागतो. मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर जोशीमठात दोन रात्री काढा. ते १,९०० मीटरच्या आसपास आहे. मग गोविंदघाट, तिथून गाडीनं पुलना, आणि पुढे साधारण दहा किलोमीटर चालून घांघरिया. दुसऱ्या दिवशी फुलांची दरी पाहा. हेमकुंड तिसऱ्या दिवशी. सुट्टी पुरत नाही म्हणून बरेच जण घांघरियाला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंडला निघतात. तो एक दिवस वाचवू नका. खेचरावर बसून गेल्यानं पाय वाचतात, उंची कमी होत नाही. उलट माणूस लवकर वर पोचतो आणि बसून राहिल्यामुळे गारठतो.

चालण्याचा सराव हवाच, पण रोज पळणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो. त्यापासून सराव वाचवत नाही. सराव हवा तो गुडघ्यांसाठी. डोंगरगडला बम्लेश्वरीच्या हजारावर पायऱ्या आहेत. रोपवे सोडून त्या चढा, आणि मुख्य म्हणजे चालत उतरा. गुडघे उतरतानाच बोलतात. नवे बूट तिथंच पायात घाला, म्हणजे फोड आले तर घरी आलेले असतील. पायांची नखं निघण्याआधी कापा, नाहीतर उतरताना ती बुटाच्या टोकावर आपटून काळीनिळी होतात. दरीतल्या ओल्या दगडांवर पाय घसरतो हेही लक्षात असू द्या. जोन लेग या वनस्पती-अभ्यासक बाई १९३९ साली तिथंच कड्यावरून घसरून गेल्या. त्यांची समाधी दरीत आहे.

लहान मुलांचं वेगळं सांगायला हवं. चार वर्षांचं मूल ‘डोकं दुखतं’ असं सांगत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, खेळणं बाजूला टाकतं, ओकतं, रात्री झोपत नाही. उंचीवर असं झालं तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा आणि पुढे जायचं नाही. तब्येत बिघडतच गेली तर खाली आणायचं. सर्दी-खोकला किंवा ताप नुकताच होऊन गेलेल्या मुलाच्या फुप्फुसात उंचीवर पाणी भरण्याचा धोका जास्त असतो. त्याला वर नेऊ नका. पाठीवरच्या झोळीत बसवलेलं बाळ हालचाल करत नाही. बाप घामाघूम झालेला असतो आणि त्याच्या पाठीवर पोराचे पाय गार पडलेले असतात. दर अर्ध्या तासानं मोजे काढून पाय हातात धरून पाहा. सहा वर्षांखालच्या मुलांना फुलांची दरी पुरेशी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्यांमध्ये डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न येणं ही सुरुवातीची लक्षणं. तिथंच थांबा. बसल्याजागी धाप लागली, खोकला वाढला, ओठ निळे पडले तर फुप्फुसात पाणी झालंय. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झिंगल्यासारखा चालू लागला तर मेंदूला सूज येतेय. शंका आली तर सरळ रेषेत एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालायला सांगा. तोल गेला तर रात्र असो, पाऊस असो, खाली उतरवायचं, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटं आराम देतो. त्याच्या भरवशावर वर थांबू नका.

उंचीच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्सच्या गोळीबद्दल सगळेच विचारतात. ती उपयोगी आहे, पण सावकाश चढण्याची जागा ती घेत नाही. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. मुलांचा डोस वजनावर ठरतो. गोळीनं बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वारंवार होते, त्याला घाबरायचं कारण नाही. कापराच्या वड्या रुमालात बांधून हुंगत राहणं मात्र सोडा. नाक मोकळं वाटतं एवढंच, प्राणवायू वाढत नाही. आणि तो कापूर लहान मुलानं तोंडात घातला तर त्याला झटके येऊ शकतात. मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी तो नकोच.

हेमकुंडच्या पाण्यात स्नान करण्याची श्रद्धा आहे आणि मला तिचा आदर आहे. पण बर्फाच्या पाण्यात एकदम उतरलं की श्वास अडकतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळतात. हृदयविकार, रक्तदाब, दमा किंवा सिकलसेल असलेल्यांनी ओंजळभर पाणी डोक्याला लावावं. लहान मुलांनाही बुडवू नका. ज्यांना डुबकी घ्यायचीच आहे त्यांनी धाप पूर्ण शमू द्यावी, आधी हातपाय भिजवावेत, लगेच बाहेर येऊन अंग कोरडं करावं आणि लंगरमधला गरम चहा घ्यावा.

मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिन सॅकमध्ये न ठेवता अंगालगत, कपड्यांच्या आत ठेवावं. ते गोठलं की निकामी होतं. रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका. ओढ्याचं पाणी उकळून प्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून उकळी आल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवा. उंचीवर ऊन थंड लागतं आणि कातडी मात्र करपते. टोपी आणि गॉगल मुलांनाही घाला.

रक्ताची दुसरी तपासणी करून अहवाल हाती यायला काही दिवस जातात. म्हणून रेल्वेची तिकिटं काढायच्या आधी घरातल्या सगळ्यांना घेऊन या, आजीआजोबांनाही. अहवालाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि एक प्रत मुलाच्या सॅकमध्ये, त्याच्या नावाच्या चिठ्ठीबरोबर.