कागदावर दोन, खड्ड्यात एक

उलवे, जूनचा पहिला आठवडा

चि. चिऊ,

तुझा आराखडा पाहिला. महाप्याच्या डेटा सेंटरपासून बीकेसीपर्यंत फायबरच्या दोन वाटा: जवळची वाशी खाडीवरून 32 किलोमीटर, राखीव वाट कल्याण-भिवंडी-वसईला वळसा घालून 118. साहेबांना वाट सुरक्षित हवी, स्वस्त हवी आणि लेटन्सीही कमी हवी, असं लिहितेस. असा साहेब मला प्रत्येक नोकरीत भेटला, अशी वाट मात्र कुठेच भेटली नाही.

आधी वेळेचं. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद. जवळच्या वाटेने जाऊन-येऊन 0.32 मिलिसेकंद, वळशाने 1.18. सिनेमा पाहणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. पण बँकेचं स्टोरेज दोन्हीकडे एकदम लिहीत असेल आणि पलीकडून पोच आल्याशिवाय इकडचा व्यवहार सरकत नसेल, तर प्रत्येक नोंदीला तो वळसा भोवतो. जवळची केबल तुटेल त्या दिवशी सेवा बंद पडणार नाही, रेंगाळेल. आणि रेंगाळलेल्या सेवेची तक्रार निस्तरणं फार किचकट, कारण तुझ्या स्क्रीनवर सगळं हिरवंच दिसतं. म्हणून राखीव वाटेचा आकडा ग्राहकाला आधीच लेखी कळव.

खर्चाचं म्हणशील तर सगळ्यांना 1+1 वाटत सुटू नकोस. दोन्हीकडे कार्डं दुप्पट, प्रकाश दोन्ही वाटांनी एकदम सोडायचा, रिसीव्हरने चांगला तो उचलायचा, तोही 50 मिलिसेकंदांच्या आत. हा थाट त्या बँकेला दे. बाकी बहुतेकांना कार्ड एकच ठेवून फक्त फायबर दुहेरी केलं तरी पुरतं. कार्ड जळलं तर दुहेरी फायबर वाचवणार नाही, हे खरं. पण आपल्याकडे जेसीबी जितक्या केबली तोडतो तितकी कार्डं जळत नाहीत. ज्यांना थोडा वेळ थांबणं चालतं, त्यांची वाट तुटल्यावर बदलली तरी चालेल. वळशाच्या वाटेवर जोड धरून किलोमीटरला पाव डीबी घट धर, म्हणजे तीसच्या आसपास जातात. तिथे मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लागणारच. तो वेळ जवळजवळ खात नाही, पण जागेचं भाडं, वीज, बॅटरी, एसी हे सगळं खातो. वर 3 डीबी शिल्लक ठेव, कारण दर पावसाळ्यात केबल तुटते आणि दर नव्या जोडातून थोडा उजेड गळतो.

आता खरं बोलायचं ते. तुझ्या नकाशावर खाडीच्या अलीकडे दोन्ही रेघा एकमेकींपासून बोटभर लांब आहेत. जमिनीत किती लांब आहेत?

आमच्या एका ग्राहकाने दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन वाटा घेतल्या होत्या. मीच सही केली होती. ऐन पावसात, रात्री, दोन्ही एकदम गेल्या. जाऊन पाहतो तर एकाच चरात एक केशरी पाइप, एक निळा, हातभर अंतरावर, आणि जेसीबीच्या एकाच घासात दोन्हींचे गळे चिरलेले. दोघांनी चर खणण्याचा खर्च वाचवला होता आणि आम्ही मात्र भाडं दोन वाटांचं भरत होतो. प्रत्येक केबलीत 96 तंतू. मध्ये तुकडा घालायचा तर एकेकीला 192 जोड. स्प्लायसर छत्रीखाली निळा, केशरी, हिरवा, तपकिरी असा रंग पुटपुटत बसला होता आणि मी टॉर्च धरून. सकाळ झाली तरी पहिली केबल पुरी झाली नव्हती.

हे जगातही घडतं. 30 जानेवारी 2008 ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात सी-मी-वी 4 आणि फ्लॅग या दोन्ही केबली तुटल्या. नावं वेगळी, मालक वेगळे, समुद्र तोच. इंटरनेट भारतात रखडलं.

आमच्या उलव्याचंच बघ. 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि मुंबईला जायला एकाला दोन वाटा झाल्या. सेतूवर टोल जबर, पण झटक्यात शिवडी. नाहीतर आम्र मार्गाने वाशी. मी घाईत सेतू धरतो, एरवी वाशी. पण दोन्ही वाटा माझ्या घरापासून एकाच चौकातून निघतात. गेल्या वर्षी त्या चौकात पाणी भरलं तेव्हा गाडी, सेतू, वाशी सगळं असून मी घरीच बसलो. डेटा सेंटरच्या दारातला पहिला चेंबर हा तसाच चौक असतो. इमारतीत शिरायच्या दोन जागा दोन वेगळ्या भिंतींवर माग. तिथे पैसे घालायला साहेब कुरकुरले, तर वळशातले दहा किलोमीटर कमी कर, पण हे सोडू नकोस.

डक्टचा नकाशा मागितलास तर कंपन्या सुबक पीडीएफ पाठवतील. त्यावर विसंबू नकोस. पाऊस लागायच्या आत येत्या शनिवारी ये, खारकोपरला उतर, मी स्टेशनवर येतो. तिथून महाप्याला जाऊन खाडीपर्यंतचा तुकडा पायी चालू आणि चेंबरची झाकणं मोजू. गमबूट घेऊन ये, माझे तुला मोठे होतील.

तुझा,
मामा