मोटारीतून परवान्याचे शस्त्र नेताना

शस्त्राचा परवाना मिळविताना अर्जदार जितकी दक्षता घेतो, तितकी ते शस्त्र घराबाहेर काढताना घेतो असे दिसत नाही. अर्ज, पोलीस चौकशी, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश ही सारी वाट चालून एकदा पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हाती आले की, ते घरात जसे आपले तसेच मोटारीतही आपलेच, अशी समजूत रूढ होते. ही समजूत कायद्याला धरून नाही. परवाना माणसाला दिलेला असतो, त्याच्या वाहनाला नव्हे. आणि मोटार ही काही घराची चालती खोली नव्हे. रस्त्यावर आलेले शस्त्र सार्वजनिक जागी आलेले असते व तेथपासून निराळे नियम लागू होतात.

असे प्रवास करावेच लागतात. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासणीसाठी दाखवावे लागते, दुरुस्तीसाठी ते परवानाधारक कारागिराकडे न्यावे लागते, निवडणुकीच्या काळात आदेश झाल्यास पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. ज्यांना स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालेला आहे त्यांना ते प्रवासात जवळ बाळगावेसे वाटते. ग्रामीण भागात या बाबतीत सल्ला विचारला जातो तो बहुधा सरपंच, शिक्षक किंवा तलाठी यांना, म्हणून ही माहिती त्यांच्यापाशी असणे इष्ट आहे.

या विषयाचा मूळ आधार म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ चे नियम जाऊन त्यांच्या जागी शस्त्र नियम, २०१६ आले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. परवानाधारकाने आपले पिस्तूल खाजगी मोटारीतून कसे न्यावे यासाठी अधिनियमात स्वतंत्र कलम नाही. ते उत्तर परवान्याच्या शर्ती, नियम आणि दोनतीन कलमे एकत्र वाचूनच मिळते. आणि गफलत होते ती नेमकी येथे.

निघण्यापूर्वी परवाना वाचावा

परवान्यावर शस्त्राचा प्रकार व क्रमांक, मुदत, प्रयोजन, एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घेता येतील त्याची संख्या आणि परवाना कोणत्या क्षेत्रात चालेल, याच्या नोंदी असतात. यांतील शेवटची नोंद प्रवासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होय. कोणाचा परवाना जिल्ह्यापुरता, कोणाचा राज्यापुरता, तर कोणाचा संपूर्ण भारतासाठी असतो. राज्यापुरता परवाना असलेला कोल्हापूरचा गृहस्थ कागल सोडून पुढे कोगनोळीच्या नाक्यावर पोहोचला की कर्नाटकात शिरतो. बांदा ओलांडून पत्रादेवीला आला की गोव्यात. रस्ता तोच, मोटार तीच, परंतु परवान्याचे संरक्षण मागे राहिलेले असते. क्षेत्र वाढवून हवे असल्यास प्रवासापूर्वी परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे व अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज करावा लागतो. सीमेवरच्या नाक्यावर दिलेले स्पष्टीकरण ही त्याची पर्यायी सोय नव्हे.

प्रयोजनाची नोंदही तशीच. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुकीचे प्रयोजन शेतीशी निगडित असते. ती जीपमध्ये टाकून लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर नेण्याला कोणताच आधार नाही. मुदत संपलेली नाही ना, राष्ट्रीय माहितीकोशातील ओळख क्रमांक परवान्यावर आलेला आहे ना, हेही पाहून घ्यावे. मूळ परवाना शस्त्राबरोबर असावा. घरी कपाटात सुरक्षित ठेवलेला परवाना नाक्यावर उपयोगी पडत नाही.

मोटारीत शस्त्र कोठे असावे

२०१६ च्या नियमांनी सार्वजनिक जागी अग्निशस्त्र नेण्याची रीत ठरवून दिली आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये अथवा त्यासारख्या, त्यासाठीच तयार केलेल्या आवरणात असावे व ते आवरण धारकाच्या अंगावर असावे. शस्त्र पूर्णपणे झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. शस्त्र परजणे किंवा सार्वजनिक जागी हवेत बार काढणे यांस मनाई आहे.

‘परिणामकारक ताबा’ हे शब्द मोटारीच्या संदर्भात नीट तपासावेत. पुढील आसनासमोरच्या कप्प्यात ठेवलेले पिस्तूल चालक गाडीत असेपर्यंत त्याच्या हाताशी असते. पण तो चहासाठी उतरला आणि गाडी फाट्यावरच्या हॉटेलसमोर उभी राहिली, की त्यावर ताबा उरतो तो फक्त काचेचा. आसनाखाली, दाराच्या खणात किंवा मागच्या डिकीत सामानाबरोबर शस्त्र ठेवून निघून जाणे हे तर त्याहून वाईट. मोटारीतून शस्त्र चोरीस गेल्यास चोराने केलेल्या पुढील गुन्ह्याचा माग प्रथम त्या क्रमांकाच्या परवानाधारकापर्यंत येतो. म्हणून उतरताना शस्त्र बरोबर घ्यावे. आणि जेथे ते बरोबर नेता येत नाही, अशा ठिकाणी जाण्याचा बेत असेल तर ते घरीच कुलपात राहू द्यावे.

तपासणी, दुरुस्ती वा जमा करण्यासाठी शस्त्र नेताना ते भरलेले ठेवण्याचे काही कारण नाही. पिस्तूल रिकामे करताना मॅगझिन काढली म्हणजे काम संपले असे अनेकांना वाटते. मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस नळीच्या मागील घरात राहू शकते. म्हणून नळी सुरक्षित दिशेस ठेवून, बोट चापाबाहेर ठेवून प्रथम मॅगझिन काढावी, मग सरकता भाग मागे ओढून घर रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहावे. रिव्हॉल्व्हरचे चक्र बाहेर काढून प्रत्येक घर तपासावे. हे घरी, शांतपणे करावयाचे काम आहे. चालत्या गाडीत किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात गर्दीत नव्हे. काडतुसे मोजून वेगळ्या डब्यात ठेवावीत.

शस्त्र कोणाच्या हाती

कलम ३ मध्ये एक सवलत आहे. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, परवाना नसलेली व्यक्तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी शस्त्र नेऊ शकते. या सवलतीचा अर्थ फार सैल लावला जातो. ‘अमुक यांची बंदूक आहे, मी त्यांचा चालक’ एवढे तोंडी सांगणे पुरेसे नाही. अधिकारपत्र लेखी हवे, आणि प्रयोजन त्या तिहींपैकी एक हवे. मालक बैठकीला उतरले आणि पिस्तूल गाडीत ठेवून चालक डिझेल भरावयास गेला, तर त्या वेळी चालकापाशी ना परवाना असतो, ना पत्र. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षांचा कारावास आणि दंड होऊ शकतो. मालकाच्या सोयीसाठी एका पगारी माणसाने एवढी जोखीम उचलावी, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

येथे ताबा म्हणजे काय, हा प्रश्न येतो. मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये स्पष्ट केले की, ताबा प्रत्यक्ष हातातच असावयास हवा असे नाही. शस्त्राची जाणीव आणि त्यावर हुकमत असेल तर तेही पुरेसे होय. म्हणजे शस्त्र दुसऱ्याच्या हाती दिले म्हणून मूळ धारक जबाबदारीतून सुटत नाही. याच तत्त्वाची दुसरी बाजूही आहे. विमानतळावर सामानात एखादे विसरलेले काडतूस सापडल्याच्या काही प्रकरणांत, जाणीवच नव्हती हे पटल्याने दिल्ली उच्च न्यायालयाने गुन्हे रद्द केले आहेत. मात्र तो दिलासा वकील, तारखा आणि चुकलेला प्रवास यांनंतरचा आहे. सरावाहून परतल्यावर पिशवीचे व मोटारीचे कानेकोपरे झाडून पाहणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

नाक्यावर

कलम १९ प्रमाणे कोणताही पोलीस अधिकारी शस्त्र नेणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. परवाना दाखविता न आल्यास तो नाव व पत्ता विचारू शकतो, आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करू शकतो. कलम २० त्याहून व्यापक आहे. शस्त्राला परवाना असो वा नसो, ते बेकायदा कामासाठी नेले जात असल्याचा रास्त संशय येईल अशा रीतीने नेले जात असेल, तर दंडाधिकारी, पोलीस अधिकारी, अन्य लोकसेवक, इतकेच नव्हे तर वाहनावर काम करणारा कर्मचारीसुद्धा विनावॉरंट अटक करू शकतो. यावरून एसटीच्या वाहकालाही कायद्याने काय अधिकार दिला आहे ते ध्यानी यावे. नाकाबंदीत गाडी थांबविली असता शस्त्राकडे हात न नेता, ते बरोबर आहे व कोठे आहे हे आधी शब्दांनी सांगावे आणि परवाना पुढे करावा.

काही ठिकाणी मात्र परवाना असूनही शस्त्र नेता येत नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक वा अन्य सार्वजनिक जमाव, तसेच शिक्षणसंस्थेचे आवार येथे जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या विशेष अनुमतीवाचून शस्त्र नेऊ नये, अशी परवान्याची शर्तच आहे. ग्रामसभा हाही जमावच. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्याच्या कमरेला शस्त्र असेल, तर मुख्याध्यापकांनी संकोच न करता त्याला ही शर्त दाखवून द्यावी. लग्नातील बाराविषयीही आता कायदा स्पष्ट आहे. इतरांचा जीव धोक्यात येईल असा उत्सवी गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे नेण्यास मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात. निवडणुकीची घोषणा झाल्यापासून निकाल लागेपर्यंत शस्त्रे बाळगून फिरण्यावर बंदी येते. शस्त्र जमा करण्याचा आदेश मात्र सर्वांना सरसकट नसतो. जिल्ह्यातील छाननी समिती प्रकरणे पाहून निर्णय घेते. आदेश हाती आल्यास ठाण्यापर्यंतचा प्रवास आदेशाची प्रत, परवाना व रिकामे शस्त्र घेऊन थेट करावा. तेथे पोच घ्यावी, तीत शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिली आहे की नाही ते जागेवरच पाहावे, आणि निकालानंतर शस्त्र परत आणतानाही हीच रीत पाळावी.

वाटेत शस्त्र हरवले किंवा गाडी फोडून चोरीस गेले, तर गावी परतण्याची वाट न पाहता जवळच्या पोलीस ठाण्यात तत्काळ खबर देणे परवान्याच्या शर्तीनुसार बंधनकारक आहे. शर्तभंगाला कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहेच. खबर देताना शस्त्राचा क्रमांक लागतो. तो परवान्यावर असतो, आणि परवानाही त्याच पिशवीतून गेलेला असू शकतो. म्हणून परवान्याची एक छायाप्रत घरी ठेवावी.