रक्तातील औषधाचा प्रकाशाने शोध

कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे औषध गुणकारी खरे. परंतु त्याची एकूण मात्रा मर्यादेबाहेर गेल्यास रोग्याच्या हृदयास इजा पोहोचते. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण अचूक मोजणे महत्त्वाचे ठरते. मात्र रक्तात असंख्य पदार्थ असतात आणि औषधाचा अंश अत्यल्प असतो.

प्रथम औषध वेगळे करावे लागते. केसासारख्या बारीक नलिकेत द्रावण भरून तिच्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचा विद्युत् दाब देतात. विद्युत् भार व आकारमान यांनुसार प्रत्येक पदार्थ निराळ्या वेगाने पुढे सरकतो. यास केशनलिका विद्युत् संचारण म्हणतात. अमेरिकेतील जॉर्गेन्सन व लुकाक्स यांनी १९८१ साली ७५ मायक्रोमीटर पोकळीच्या काचनलिका वापरून या पद्धतीचे सामर्थ्य दाखवून दिले.

परंतु नलिका इतकी अरुंद की, आरपार जाणाऱ्या प्रकाशात औषधामुळे होणारी घट जेमतेम जाणवते. येथे औषधाचा एक गुण उपयोगी पडतो. डॉक्सोरुबिसिनवर निळसर लेसर किरण टाकला की ते स्वतःच नारिंगी प्रकाश देते. हेच अनुस्फुरण होय. लख्ख उन्हातील पुसट सावलीपेक्षा अंधारातील काजवा चटकन दिसतो, तसाच हा प्रकार आहे.

जी औषधे स्वतः उजळत नाहीत, त्यांपैकी काहींना अनुस्फुरक रंगद्रव्य जोडतात. बधिरता आणणाऱ्या लिडोकेनची विद्युत् अग्रावर रुथेनियमच्या संयुगाशी रासायनिक क्रिया होऊन प्रकाश निर्माण होतो. तेथे लेसरची गरज उरत नाही.

नलिकेत शिरणारा नमुना थेंबाचा अल्पांशच असतो. तरीही प्रकाशाच्या तीव्रतेवरून औषधाचे प्रमाण कळते, आणि मात्रा ठरविताना वैद्यास भक्कम आधार मिळतो.